मॉरिसचा हीटर आणि लामत्याचा उन्हाळा

१० मे २०२४, शुक्रवार
बालाघाटहून आल्यावर गाडी चिंचेखाली लावली, इंजिन बंद केलं आणि बॉनेटखाली बॅटरीला टेकवून प्रयोगशाळेतला तापमापक ठेवला. गाडी चालती असताना हवा खेळत राहते. खरा ताप चढतो तो थांबल्यावर. पाव तासाने पारा ७१ अंशांवर होता. बाहेर सावलीत ४३.

मॉरिस मायनरची बॅटरी इंजिनाच्या मागे, पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर एका तबकात बसते. विलायतेत ही जागा सोयीची. तिथे जानेवारीत इंजिनातलं तेल गोठल्यागत घट्ट होतं, बॅटरीचा जीव निम्म्यावर येतो, आणि सेल्फ जितका जवळ तितकं बरं. इथे उलटी गत. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दर उन्हाळ्यात मी डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या ओतते आणि दुसरं वर्ष सरता सरता नवी बॅटरी घेते. त्यात वाफेबरोबर उडालेल्या आम्लाने तबकाचा एक कोपरा खाल्लाय. पोपडे निघालेत, बोट लावलं की गंज भुग्यासारखा हाताला येतो.

दुसरं दुखणं हीटरचं. त्याची तोटी अर्धी उघडी राहून जाम झाली आहे. म्हणजे ४३ अंशांत इंजिनातलं उकळतं पाणी आमच्या पायांशी येऊन फिरतं. गालिचा ओला, आणि त्याला गंजाचा गोडसर वास.

१२ मे, रविवार
लामत्यात मोटारीला हीटर कसा, असं शाळेतली मुलं विचारायची. उत्तर सोपं आहे. बाबा १९५८ साली डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला गेले, १९६४ साली परतले, आणि तिकडे वापरलेली १९६१ची मायनर १००० राहण्याची जागा बदलल्याच्या सवलतीत सोबत घेऊन आले. बोटीने मुंबई आणि तिथून चालवत नागपूर, गोंदिया, बालाघाट. इथल्या फियाट आणि अॅम्बेसेडरमध्ये हीटरची चैन सहसा नसे. यॉर्कशरमध्ये ती चैन नव्हती, गरज होती. म्हणून गाडीबरोबर स्मिथ्स कंपनीचं ते गोल डबडं वैनगंगेच्या काठी आलं. डॅशबोर्डखाली मधोमध लटकतं. आत छोटा रेडिएटर, मागे पंखा, आणि काचेपर्यंत जाणाऱ्या दोन काळ्या नळ्या.

बाबा ते वर्षातून दोनदाच वापरायचे. एकदा पौषात, बैहरच्या पठारावर रात्रीचा पेशंट पाहायला जाताना. आणि एकदा, ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, ऐन मे महिन्यात. बालाघाटहून गांगुलपाऱ्याच्या घाटाला लागलं की गाडी तापायची. मग बाबा सगळ्या खिडक्या खाली करून हीटर पुरा उघडायचे. आम्ही भावंडं मागे बसून बोंब मारायचो. पण हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला तेवढीच जास्तीची जागा. घाट चढून गेलं की तोटी बंद.

म्हणून हीटर काढायचा हे ठरवताना मन सरळ होत नाही. नुसतं निरुपयोगी डबडं असतं तर केव्हाच भंगारात गेलं असतं.

१४ मे, मंगळवार
मिस्त्री आला. माझाच विद्यार्थी, दहावीच्या तुकडीतला. आता स्टँडजवळ ट्रॅक्टर आणि बोलेरो दुरुस्त करतो. मला अजून "मॅडम" म्हणतो आणि मी त्याला "तू". बॉनेट उघडून बराच वेळ नुसता पाहत राहिला. "यात तर काहीच नाही मॅडम. माणूस आत उभा राहील इतकी जागा."

खरंच आहे. ९४८ सीसीचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक डायनामो, तारांचं एक वेटोळं. अॅलेक इसिगोनिसने हिचा आराखडा केला, १९४८ साली ती लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली इंग्रजी गाडी ठरली. त्याच माणसाने १९५९ साली मिनी काढली तेव्हा बॅटरी डिकीत टाकली. आपल्यालाही बॅटरी इंजिनाजवळून मागे न्यायची होती, म्हणून हे मी मिस्त्रीला सांगितलं. म्हणजे आपण काही वेडंवाकडं करत नाही आहोत. मूळ कारागिरानेच पुढे बदललेला विचार त्याच्या जुन्या गाडीत उतरवतोय.

एकच अट घातली: गाडीच्या अंगाला नवीन भोक पाडायचं नाही. जे करू ते पुढच्या माणसाला एका दुपारी उलटं करता आलं पाहिजे.

"आणि भोकाशिवाय केबल कुठून नेणार?"

तेच तर पाहायचं आहे.

१६ मे, गुरुवार
दिवसभर हीटर. पाणी काढलं, तपकिरी, तळाला गाळ. रबरी होजपाइप क्लिपांसकट दगड झाले होते, चाकूने उभे चिरले. डबडं बाहेर आलं तेव्हा त्याच्या जाळीत चिंचेची पानं आणि कुठल्या तरी पाखराचं एक पीस निघालं. पंख्याची मोटर बॅटरीला लावून पाहिली, कुरकुरत फिरली.

आता वादाचा मुद्दा. हीटरला जाणारं पाणी इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकावरच्या तोटीतून निघतं आणि परतताना रेडिएटरच्या खालच्या होजपाइपला मिळतं. मिस्त्रीचं म्हणणं, दोन तोंडं एका पाइपने जोडून टाकू. सगळे तसंच करतात, दहा मिनिटांचं काम. मी जमिनीवर खडूने आकृती काढली. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये थंड झालेलं पाणी असतं, तेच पंप इंजिनात ढकलतो. तिथे हेडमधलं उकळतं पाणी थेट आणून सोडलं, तर त्या पाण्याने रेडिएटर पाहिलाच नाही. हीटर होता तेव्हा निदान वाटेत थोडं निवत होतं. नुसता पाइप जोडणं म्हणजे गाडी तापवायची सोय करणं.

तो थोडा वेळ आकृतीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मग ट्रॅक्टरमध्ये मी जे केलं ते?" मी म्हटलं, ते तू तुझं पाहा.

तर तोटी काढून तिच्या जागी जाड पत्र्याची टिकली बसवायची, मधे पॅकिंग, दोन नट. खालच्या होजपाइपच्या फांदीत पितळी बूच. टिकली त्याने पाच मिलिमीटरच्या पट्टीतून कापली आणि काचेवर एमरी कागद पसरून घासत बसला. दर वेळी निळी शाई लावून टेकवायची, उंचवटा दिसला की पुन्हा घासायचा. ही सवय त्याला मी लावलेली नाही. कोणत्या तरी चांगल्या उस्तादाकडे शिकलाय.

१७ मे, शुक्रवार
थर्मोस्टॅट मुळात नव्हताच. कुणीतरी कधीकाळी "गरम होते" म्हणून काढून फेकलेला. आपल्याकडे ही सार्वत्रिक रीत. या इंजिनात ती अंगाशी येते. थर्मोस्टॅटच्या खाली बाजूला एक बोटभर आडवाट आहे; थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तिथूनच पंपाकडे परततो. गरम देशांसाठी आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी कंपनी थर्मोस्टॅटऐवजी एक नळकांडं द्यायची, ते ही आडवाट झाकतं. खरादवाल्याकडून पितळेचं तसलं नळकांडं करून घेतलं. हीटर गेल्याने जी उष्णता बाहेर टाकायची जागा कमी झाली, तिची थोडीफार भरपाई इथे होईल. थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ घेईल, घेऊ दे.

रेडिएटर गोंदियाला धाडला आहे, आतून साफ करायला.

१९ मे, रविवार
भाचा नागपूरहून आला. आल्या आल्या बॉनेट उघडं पाहून म्हणाला, "मावशी, हे काय केलंस? ओरिजनल गाडी आहे."

त्याचं म्हणणं असं: २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असली तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आपली १९६१ची, सहज बसते. मग मेळाव्यांना न्यायची.

मी विचारलं, "आणि भाजी आणायला?" तिथे घोडं अडलं. त्या नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला बाहेर काढता येते. रोजच्या वापराला नाही. मला मंगळवारी बालाघाटला जायचं असतं, अधूनमधून ढूटीच्या धरणावर जायचं असतं. काचेच्या कपाटात ठेवायची गाडी मला नको. साध्या खाजगी नोंदणीवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत आले आहे, तसंच पुढे.

पण त्याचा मुद्दा अगदीच फोल नाही. बदल कुठपर्यंत, ही रेघ आपली आपणच मारावी लागते. मी माझी मारली: जे नटबोल्टने लागलंय ते हलवायचं, जे पत्र्यात आहे त्याला हात लावायचा नाही. हीटर, त्याच्या क्लिपा, नळ्या, तोटी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरून वर चिठ्ठी चिकटवली. भाच्याने फोटो काढले, बोल्टांचे सुद्धा. त्याला तेवढं पुरलं.

संध्याकाळी त्यालाच बॅटरी कुठे ठेवावी यावर डोकं लढवायला लावलं. मागच्या सीटखाली ठेवू म्हणाला, फोक्सवॅगन बीटलसारखी. तिथे स्प्रिंग आहेत. वर जाड माणूस बसला, स्प्रिंग टर्मिनलला टेकली, की काथ्याला आग. नको.

२२ मे, बुधवार
केबल. बॅटरी डिकीतच ठेवायचं ठरलं. डिकीपासून इंजिनाकडच्या स्टार्टरच्या स्विचपर्यंत दोरी लावून मापली, चार मीटर भरली. पूर्वी ती हातभर होती. इथे मिस्त्रीला दहावीचा ओहमचा नियम पुन्हा शिकवावा लागला, या वेळी त्याला तो आवडला.

सेल्फ मारताना साधारण २०० अँपिअर प्रवाह जातो असं धरू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७५ ओहम. घरात पडलेली १६ चौरस मिलिमीटरची केबल लावली तर चार मीटरला ०.००४४ ओहम, म्हणजे जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खाल्ले जाणार. थकलेली बॅटरी सेल्फ मारताना तशीही दहा व्होल्टवर येते. त्यातून एक गेला की इंजिन नुसतं कण्हणार. ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.४ व्होल्ट. चालेल. ५० ची आणखी बरी, पण ती वळणांवर वळत नाही आणि खिशालाही जड.

वेल्डिंगची केबल घ्यायची. तिच्यात केसासारख्या बारीक तारा असतात म्हणून ती वाकते, हादरे सोसते. बाजारात तांब्याचा रंग दिलेली अॅल्युमिनियमची केबलही त्याच नावाने विकतात. टोक खरवडून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हे भाच्याला दोनदा बजावलं. मलाजखंडची तांब्याची खाण आमच्याच जिल्ह्यात, देशातली सगळ्यात मोठी, आणि चार मीटर तांब्यासाठी मला नागपूरला माणूस पाठवावा लागतो! मँगनीजचं तसंच. भरवेलीची खाण जिल्ह्याच्या गावाला लागून. पण टॉर्चच्या सेलात जाणारी मँगनीजची भुकटी होते तिकडे भंडाऱ्याकडच्या डोंगरी बुजुर्गला.

२३ मे
रेडिएटर आला. हलका वाटतोय. म्हणजे किती गाळ होता!

२५ मे, शनिवार
नवतपा लागला. सकाळी सहा ते नऊ एवढंच काम.

डिकीत पेट्रोलची टाकी तळाशी आहे, हे विसरून चालत नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. बंद डिकी, खाली पेट्रोल, वर हायड्रोजन. मिस्त्री म्हणाला, ट्रकमध्ये तर उघडीच असते. ट्रकमध्ये ती बाहेर वाऱ्यावर असते.

म्हणून बॅटरीला झाकणाची प्लॅस्टिकची पेटी, झाकणाला नळी, आणि नळी डिकीच्या तळाच्या जुन्या निचऱ्याच्या भोकातून खाली बाहेर. पेटी हलू नये म्हणून सागाची जाड फळी. ती स्टेपनी आवळायच्या बोल्टलाच धरली, वरून लोखंडी पट्टी, पट्टीवर सायकलची ट्यूब चढवलेली. मी आणि मिस्त्रीने फळी दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवली. अख्खी गाडी हलली, बॅटरी नाही.

बॅटरीच्या तोंडाशीच ट्रकमध्ये असतो तसला कट-ऑफ स्विच लावला. गाडी उभी करून घरात जाताना किल्ली फिरवायची, चार मीटर केबल मेली. उंदरांनी केबल कुरतडली तरी आग नको.

२७ मे, सोमवार
आजचा दिवस मला फार आवडला.

केबल डिकीतून मागच्या सीटच्या पाठीमागून आत, गालिचाखालून दाराच्या उंबरठ्यालगत पुढे आली. पुढे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा. इथे भोक हवं. आणि इथे, मधोमध, हीटरच्या होजपाइपांची दोन भोकं रिकामी पडलेली! केबल बाहेरच्या रबरासकट तेरा मिलिमीटरची, भोक तिच्याहून बरंच मोठं. मिस्त्रीने ट्रॅक्टरचा एक रबरी बुश आणला, आतून थोडा तासला आणि दाबून बसवला. केबल त्यातून सरकली तेव्हा रबराने तिला घट्ट धरलं, पत्र्याची कड कुठेच टेकत नव्हती. दुसऱ्या भोकाला बूच. हीटर निघाला नसता तर बॅटरी मागे गेली नसती, निदान माझ्या अटीवर तरी.

टोकांना तांब्याचे थिंबल. ते हातोडीने चेपायचे नाहीत, दाबयंत्राने दाबायचे. गावात बिजलीच्या लाइनवर काम करणाऱ्या एकाकडे ते होतं, त्याने चहावर करून दिलं. वरून रबरी टोप्या.

मग मिस्त्रीने लाल टेप काढून केबलला गुंडाळायला घेतली. इथे मी त्याचा हात धरला. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्या तशाच: बॅटरीच्या धन टोकाची वायर अंगाला, म्हणजे पत्र्याला, आणि ऋण टोकातून सगळीकडे वीज. आजच्या प्रत्येक गाडीत याच्या उलट. मिस्त्रीच्या हाताला लाल म्हणजे वीज, काळी म्हणजे बॉडी, इतकं पक्कं बसलेलं की तो पाहतही नाही.

"मग उलटी करून टाकू मॅडम. पूर्ण दुनियेसारखी."

करता येते. डायनामोच्या फील्डला क्षणभर उलटी वीज स्पर्शवून त्याचं चुंबकत्व फिरवायचं, कॉइलच्या तारा अदलाबदल करायच्या, झालं. पण त्यासाठी काही कारण हवं. गाडीत रेडिओ नाही, कुणाचं काही अडलेलं नाही. तशीच ठेवली. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'पॉज़िटिव अर्थ. लाल तार बॉडी पर.' उद्या कुणी आपल्या गाडीवरून सेल्फ मारून द्यायला धावला, तर त्याने आधी ते वाचावं.

२८ मे, मंगळवार
पहिला सेल्फ. इंजिन अर्धं फिरलं आणि थांबलं, आणि डॅशबोर्डमधून जळका वास. मिस्त्रीने चोकचा दांडा धरला आणि शिवी गिळली. हात भाजला होता.

कारण लगेच कळलं. इंजिन रबराच्या पायांवर बसतं, त्यामुळे त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीपुरता. ती पट्टी तेलाच्या किटणाखाली आधीच कुजलेली होती, हीटरचा पाइप ओढताना उरलेल्या तारा तुटल्या. मग २०० अँपिअरला परतीची वाट कुठली? चोकच्या तारेची. ती बिचारी तांबडी झाली. नवी पट्टी, दोन्ही टोकांचा रंग खरवडून पत्रा उघडा करून, वर ग्रीस. चोकची तार बदलावी लागेल.

संध्याकाळी दुसरा सेल्फ. एका झटक्यात चालू. मी मीटर धरून बसले होते: सेल्फ मारताना बॅटरीवर १०.३, स्टार्टरच्या स्विचवर ९.८. माझ्या हिशेबापेक्षा ०.१ व्होल्ट जास्त गेला. जोडांमध्ये जात असणार. मिस्त्रीला म्हटलं, ओहमला तू पास केलंस.

३१ मे, शुक्रवार
काल नागपूरला एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि सगळीकडे बोंब झाली. आज हवामान खातं म्हणतंय, यंत्राचा संवेदक बिघडला होता. तापमापक कुठे आणि कसा ठेवला यावर सगळं असतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. तरी मीही आजचा आकडा लिहून ठेवते: तेवढंच अंतर चालवून, तशीच चिंचेखाली उभी करून, तोच तापमापक पाव तास. बॉनेटखाली पूर्वीच्या जागी ७३. डिकीत बॅटरीशेजारी ४६.

सत्तावीस अंशांचा फरक. दहा अंशांचा हिशेब जसाच्या तसा लावला तर आयुष्य सहापट होतं. तेवढं काही होणार नाही. बॅटरी चोवीस तास तापत नाही आणि झिजायला तिला इतरही कारणं असतात. तिने चार वर्षं काढली तरी मी खूश.

पायांशी आता गार. म्हणजे बाहेर आहे तितकंच गरम.

२३ जून, रविवार
पाऊस. आणि हीटरची जी उणीव जाणवेल असं वाटत होतं ती आज जाणवली. चरेगावच्या अलीकडे जोराची सर आली, खिडक्या चढवल्या, आणि दोन मिनिटांत काच आतून दुधाळ. हीटर नुसता ऊब देत नव्हता. त्या दोन काळ्या नळ्या काचेवर कोरडी गरम हवा मारत. बाबा पावसात तो कधी लावत नसत, पण मग तेव्हा आई शेजारी फडकं घेऊन बसलेली असायची.

गावातल्या तोडग्यांचा पाऊस त्याहून मोठा. कापलेला बटाटा फिरवा, तंबाखू चोळा, साबण सुक्या फडक्याने पुसा. साबणाचा खरोखर उपयोग होतो. त्याच्या थरावर वाफेचे थेंब धरत नाहीत, सपाट पसरतात, म्हणून आरपार दिसतं. पण दर खेपेला पुसायचा कंटाळा.

२६ जून, बुधवार
ट्रकवाले डॅशबोर्डवर लावतात तो छोटा पंखा आणला. चिमट्याने पार्सलच्या फळीला धरतो, स्क्रू नाही. मिस्त्रीने सवयीने लाल तार विजेला आणि काळी बॉडीला लावली. पंखा सुरू झाला आणि काचेवरची हवा आमच्याकडे ओढू लागला. मिस्त्री चकित. या पंख्यात कायमचं चुंबक आहे. वीज उलटी गेली की तो उलटा फिरतो. हीटरच्या जुन्या मोटरीत चुंबकाच्या जागी गुंडाळी होती. तिची दोन्ही चुंबकं एकदम उलटतात, म्हणून तिला धन-ऋणाशी काही देणंघेणं नव्हतं. तारा बदलल्या, हवा काचेवर गेली. गार हवेनेही धुकं हटतं, फक्त सावकाश. आणि कोपऱ्यातल्या तिकोनी खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्या लागतात.

७ जुलै, रविवार
घाट. भाचा, मिस्त्री आणि मी. डिकीत दहा लिटर पाणी, न वापरता परत आणायच्या इराद्याने.

मायनरला पाण्याचं तापमान दाखवणारा काटाच नाही. वास, आवाज आणि पायाखालची कंपनं यांवर चालवायची. गांगुलपाऱ्यापासून दुसरा गिअर, मागे मँगनीजचा एक ट्रक घाई करत होता, त्याला जाऊ दिलं. वर उकव्याकडे सपाटी लागली तिथे थांबलो. बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून पाव फेरी फिरवलं: फुसकन वाफ, पाणी जागेवर. हेडवरची टिकली कोरडी. मिस्त्रीने तिच्यावर बोट फिरवून मला दाखवलं, एक थेंब नाही. जुलैतला घाट म्हणजे मेमधला नव्हे, हे मला माहीत आहे. मेमध्ये पुन्हा येऊ.

खाली वाकून तो नळी पाहत होता, हायड्रोजनची. मग चालकाच्या बाजूला सरकला आणि तिथेच बसून राहिला. "मॅडम, ब्रेक ऑइल झिरपतंय."

मायनरचं ब्रेकचं मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याच्या आत, सांगाड्याच्या पोकळीत दडलेलं असतं. त्याचे बोल्ट बाहेर काढायचे तर आधी पुढच्या चाकाचा टॉर्शन बार सैल करून बाजूला घ्यावा लागतो. इसिगोनिसने सगळं छान केलं, पण हे काय केलं! उतरताना पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, अगदी हळू आलो. मिस्त्रीने येत्या गुरुवारी यायचं कबूल केलंय. रबराचा किट कुठून आणायचा ते भाचा बघतोय.